अर्धी गोळी, आख्खा भूकंप

वेदश्रीच्या स्वयंपाकघरातला दिवा हलला तेव्हा आनंदाबाईंच्या हातात एकोणिसावा लाडू होता.

रविवारची दुपार होती. वडनेरच्या घरात ओट्याखाली पाट मांडून त्या बसल्या होत्या. समोर परात, परातीत तळलेला डिंक, खारीक, खोबरं, गूळ. आणि तेलाच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. मोबाईलमध्ये लेक. तिला आठवा महिना लागला होता आणि ती जपानमधल्या सेंदाई नावाच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, कांदा चिरत होती. जावईबापूंना आई नव्हती, रजा मिळणार होती ती जेमतेम आठवड्याची. तेव्हा बाळंतपणाला आनंदाबाईंनीच जायचं, हे दिवाळीतच ठरलं होतं. व्हिसा आला होता, तिकीट निघालं होतं. सोळा दिवस उरले होते आणि लाडू साठ व्हायचे होते.

"आई, डिंक जास्त नको तळू, मागच्या वेळेस कडक..." म्हणता म्हणता वेदश्री थांबली.

तिच्या डोक्यावरचा दिवा डावीकडे गेला, उजवीकडे आला. मागच्या कपाटात कप वाजले. वेदश्रीनं हात लांब करून गॅस बंद केला, बाहेरचं दार उघडून ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. चेहऱ्यावर काही नाही. हिंगणघाटच्या स्टँडवर बस फलाटाला लागेपर्यंत माणूस उभा राहतो, तशी. मग तिनं पुन्हा सुरी घेतली.

"हं. तर डिंक."

"काय होतं वं ते?"

"काही नाही गं. भूकंप. लहानसाच. इथे असंच राहते."

एकोणिसाव्या लाडवाचा आनंदाबाईंच्या मुठीत पुन्हा चुरमा झाला.

त्यांना वाटलं, बरं झालं, आपल्याशिवाय कोणी पाहिलं नाही. पण मागे दारात त्यांचे यजमान नानाजी उभे होते, हातात पाण्याचा गडवा घेऊन. ते खाली वाकले, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले, "बाई, तू बस आधी. कांदा राहू दे." आणि फोन बंद झाल्यावर, कोणाकडेही न बघता, "सुमीतले सांगा तिकीट रद्द कराले."

*

मुलगा सुमीत आणि सून चारुता, नात मयुरीच्या शाळेसाठी, हिंगणघाटला भाड्याच्या घरात राहत. रविवारी वडनेरला येत. त्या दिवशी ते पोचले तेव्हा परात तशीच पडली होती आणि लाडू अठरावरच थांबले होते.

सगळा प्रकार ऐकून सासू-सासरे दोघांनीही आशेनं आणि भीतीनं चारुताकडे पाहिलं. आशा नानाजींना होती. चारुता म्हणजे घरातली भित्री भागूबाई, यात कोणाचं दुमत नव्हतं. वडनेरला यायचं, पाऊण तासाची वाट, तरी तिच्या पिशवीत थर्मामीटर, दोन प्रकारचं तापाचं औषध, उकळलेलं पाणी आणि एप्रिलमध्येही मयुरीचा स्वेटर. फ्रिजवर तीन रुग्णवाहिकांचे नंबर चिकटवलेले, एक बंद असेल तर दुसरा, दुसरा उचलला नाही तर तिसरा. असली सून भूकंपाच्या गावाला सासूला पाठवा म्हणेल, हे शक्यच नव्हतं.

"आईंनी जायला पाहिजे," चारुता म्हणाली.

नानाजींनी चष्मा काढला. "तू म्हनून राह्यली हे?"

"हो बाबा."

"तू मागच्या रविवारी मयुरीले घसरगुंडीवर चढू देल्ली नाई."

"तिथे खाली वाळू नव्हती. वाळू असती तर चढू दिलं असतं." चारुतानं मयुरीच्या हातातून डिंकाचा मोठा खडा काढून लहान दिला. "भीती वाटते म्हणून तर तयारी करायची, बाबा. भीती वाटते म्हणून जायचंच नाही, असं मी कधी म्हटलं?"

खरं तर तिला मयुरीच्या वेळचे ते चाळीस दिवस आठवत होते. तिची स्वतःची आई शिक्षिका, शाळेच्या परीक्षा सोडून राहू शकली नव्हती, आणि ही बाई, जिच्याशी लग्नानंतर दोन वर्षं तिचं भाजीतल्या तिखटावरून पटलं नव्हतं, रोज पहाटे उठून शेगडी पेटवून बसायची. रात्रीतून चारदा, बाळ श्वास घेतंय का, हे चारुता बघायची, आणि ती बघतेय का हे आनंदाबाई बघायच्या. वेदश्रीला तिकडे बघायला कोण होतं?

"मी किल्लारी पाह्यली आहे," नानाजी म्हणाले. बोलणं थांबवायचं असलं की ते हेच वाक्य म्हणत. त्र्याण्णव साली, हेडमास्तर नव्हते झाले तेव्हा, मास्तर लोकांनी ब्लँकेटं गोळा करून ट्रक नेला होता. चार दिवसांनी परत आले आणि तिथलं काही म्हणून सांगितलं नाही. फक्त त्यानंतर महिनाभर अंगणात झोपले.

"बाबा म्हणतात तेही बरोबर आहे," सुमीत म्हणाला.

आनंदाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "अन् सकाळी फोनवर कोन म्हने, आई तू बिनधास्त जाय?"

"तेही बरोबरच आहे ना, आई."

सुमीत तहसीलमध्ये होता. दोन्ही बाजूंचे अर्ज आनंदानं घ्यायचे आणि दोघांनाही पोच द्यायची, ही त्याची सवय आता घरातही आली होती.

नानाजींनी मग तोडगा काढला. तो तोडगा नव्हता, फाटक होतं, आणि त्याला कुलूप लागलेलंच आहे असा त्यांचा अंदाज होता. "भूकंपाचं जो कोनी कागदावर लिहून देईन, त्याच्या भरवशावर पाठवतो. लिहून. सहीनिशी."

"देतात," चारुता म्हणाली.

"कोन देते?"

"विमा कंपनी. परदेशी जाताना प्रवासाचा विमा काढतात, त्यात भूकंपसुद्धा येतो. यांना महिनाभर सांगतेय मी, काढा म्हणून."

सगळ्यांनी सुमीतकडे पाहिलं.

"मी काढणारच होतो," सुमीत म्हणाला. "आदेशले फोन लावतो."

*

आदेश हा आनंदाबाईंच्या बहिणीचा मुलगा. हिंगणघाटला विम्याची कामं करी. ट्रॅक्टर, म्हशी, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, माणसं, सगळ्यांचे विमे त्यानं काढले होते. जपानला जाणाऱ्या मावशीचा पहिलाच. डिंकाचे लाडू चालू आहेत हे कळल्यावर तो चाळीस मिनिटांत पोचला.

नानाजींनी त्याच्याकडून पॉलिसीची सतरा पानं घेतली, टेबलाशी बसले आणि खिशातून लाल पेन काढलं. इंग्रजी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. मधून मधून समासात प्रश्नचिन्ह काढायचे.

"मावसाजी, सगळं आहे यात," आदेश लाडू खात म्हणाला. "बॅग हरवली, बॅग उशिरा आली, विमान चुकलं, पासपोर्ट हरवला, दात दुखला..."

"भूकंप?"

"पान अकरा."

नानाजी पान अकरावर गेले. "पॉलिसी घेण्यापूर्वी ज्ञात असलेली आपत्ती वगळून. म्हणजे काय?"

"म्हणजे भूकंप होऊन गेला अन् मंग आपण विमा काढला, तर त्या भूकंपाचे भेटत नाही. पुढच्याचे भेटतात."

"अन् आज दुपारी झाला तो?"

"तो कोनाले ज्ञात आहे?"

"मले. माह्या डोळ्यासमोर झाला."

आदेशनं सुमीतकडे मदतीसाठी पाहिलं. सुमीत मयुरीची वेणी घालण्यात गुंतला. "मावसाजी, तेवढा लहान कंपनी धरत नाही. मोठा, सरकारनं जाहीर केलेला लागते."

लाल प्रश्नचिन्ह पडलं. "पुढे. भूकंपामुळे हॉटेल सोडावं लागल्यास दुसऱ्या हॉटेलचा खर्च. ही कोनत्या हॉटेलात चालली आहे?"

"ते मावशीले लागू नाही. पोरीच्या घरी राह्यली तर घराचं काही भेटत नाही. पन लागलं-बिगलं तर दवाखाना, अन् लवकर परत यावं लागलं तर तिकिटाचे पैसे, अन् तिकडून उचलून आणाचा खर्च, हे सगळं आहे."

आनंदाबाई दाराच्या चौकटीशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना पानांशी काही देणंघेणं नव्हतं. नवऱ्याचं पेन सतराव्या पानापर्यंत पोचावं आणि खाली ठेवलं जावं, एवढंच हवं होतं. तरी राहवेना म्हणून विचारलं, "अन् लागलं नाई, नुसतं भेव वाटलं तर?"

"त्याचे नाही भेटत, मावशी."

"भेटत असते," सुमीत म्हणाला, "तर चारुताच्या पैशावर आपले नागपूरला दोन बंगले झाले असते."

चारुता हसली नाही, पण रागावलीही नाही. ती सुमीतच्या मागे उभी राहून आदेशच्या हातातला दुसरा कागद वाचत होती. तो सगळ्यात साधा होता, एकाच पानाचा. प्रश्न आणि पुढे दोन चौकोन.

"आता आरोग्याचं," आदेशनं पेन काढलं. "पाच मिनिटांचं काम. मावशी, शुगर?"

"नाई."

"बीपी?"

"नाई बा."

"हार्ट, किडनी, ऑपरेशन?"

"काही नाई."

"रोजची कोनती गोळी?"

"नाई म्हनलं ना."

"झालं." आदेशनं चार खुणा केल्या. "अन् असतं तरी मी नाईच लिहिलं असतं म्हना. सगळे तसंच करतात."

चारुता म्हणाली, "आई, जरा मागे येता? पाक कडक होतोय."

पाक केव्हाचा परातीत ओतून झाला होता.

*

मागच्या अंगणात तुळशीपाशी धुणं वाळत होतं. चारुतानं एका साडीआड सासूला उभं केलं.

"आई, दर एक तारखेला बाबांच्या बीपीच्या गोळ्या मी आणते. पंधराच्या दोन पट्ट्या. रोज एक."

"मंग?"

"त्या चोवीस तारखेला संपतात. पुढच्या सहा दिवसांच्या बाबा म्हणतात, इथल्या दुकानातून घेतो."

आनंदाबाई वाळत घातलेल्या साडीचा काठ सरळ करू लागल्या.

"बाबा पहिल्यांदा म्हणाले, पट्टी उंदरानं नेली. मी उंदराचा पिंजरा आणून दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा चोवीस. मग मी बघायला लागले. तुम्ही मान धरून बसता त्या दिवशी..."

"तू काय पोलिसात आहे का वं?"

"आई."

"अर्धी," आनंदाबाई म्हणाल्या. "आख्खी कधीच नाई. डोकं जड झालं, कानात सूं सूं वाजलं, का अर्धी. बाकीची अर्धी कुंकवाच्या करंड्यात. वाया नाई जाऊ देत मी."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरकडे काऊन जाऊ? त्याईची गोळी त्याईले लागू पडते, तर मले काऊन नाई पडनार? चाळीस वर्षं एका ताटातलं खाल्लं." मग त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टरकडे गेली असती, अन् तो म्हनला असता बीपी आहे, मंग मले जाऊ देलं असतं कोनी?"

चारुतानं मनात हिशेब मांडला. बोललं तर तिकीट गेलं. नानाजी वाटच बघत होते, त्यांना भूकंपापेक्षा भक्कम कारण हातात मिळणार होतं. न बोललं तर सतरा पानांची ती पॉलिसी लाडवाखाली घालायच्या लायकीची. तिकडे परक्या शहरात एका सकाळी कानात सूं सूं वाजलं, आणि या बाई ओट्यापाशी कोसळल्या, तर कंपनी पहिला प्रश्न विचारणार, आधीपासून गोळी होती का. आणि शेजारी आठवा-नववा महिना भरलेली पोर, भाषा न येणारे जावईबापू, आणि हा खोटा चौकोन.

"भूकंप येईल न येईल, आई," ती म्हणाली. "पण हे तुम्ही बरोबर घेऊन चाललात."

"तू सांगशीन त्याईले?"

"नाही सांगणार." तिनं स्वतःलाच आश्चर्य वाटावं इतक्या शांतपणे म्हटलं. "तुम्ही सांगाल तर सांगा. पण नाही सांगितलं, तर मला तुम्ही परत येईपर्यंत झोप लागायची नाही."

"तशीही तुले कुठं लागते."

*

बायका मागे गेल्या तेव्हा नानाजींचं पेन पान बारावर होतं, आणि ते पान त्यांनी चार वेळा वाचलं होतं. पाचव्यांदा वाचतानाही ते नवंच वाटत होतं, आणि याच गोष्टीची त्यांना भीती होती.

किल्लारी खरी होती. पण तिकीट रद्द करा म्हणताना त्यांच्या मनात किल्लारी दुसऱ्या नंबरावर होती.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या गोळ्या वेळेआधी संपत होत्या. पहिल्या महिन्यात त्यांनी खरंच उंदीर शोधला. दुसऱ्या महिन्यात डायरी केली. सकाळी गोळी घेतली की लाल बरोबरची खूण. महिनाअखेर पट्टी रिकामी झाली तेव्हा गोळ्या गेल्या होत्या तीस आणि खुणा होत्या चोवीस. त्यांनी पोरांच्या हजेऱ्या छत्तीस वर्षं मोजल्या होत्या, त्यांची बेरीज चुकत नसे. अर्थ एकच निघत होता. सहा गोळ्या आपण घेतल्या आणि आपल्याला आठवत नाही.

त्यांचे थोरले भाऊ तानबा असेच सुरू झाले होते. आधी किल्ली, मग वार, मग एके सकाळी नागपूर रोडवर अनवाणी, शाळेत जातो म्हणून.

नानाजींनी कोणाला सांगितलं नाही. महिन्याचे शेवटचे सहा दिवस गोळीशिवाय काढायचे, सुनेला इथल्या दुकानातून घेतली म्हणायचं, डोकं ठणकलं तर ऊन लागलं म्हणायचं आणि एक तारखेची वाट बघायची. चालत होतं. कारण आनंदाबाई घरात होत्या. गॅस बंद आहे का, दार लावलं का, हे बघायला दोन डोळे होते. आता त्या तीन महिने जाणार. शेजारची काजल दोन वेळचा डबा देणार होती, पण डब्यानं माणसावर लक्ष राहत नाही. सुमीतकडे हिंगणघाटला राहायला जावं, तर त्या सुनेच्या नजरेतून काही सुटत नाही. आठ दिवसांत तिला कळलं असतं.

"मावसाजी," आदेश म्हणाला, "तीन महिने करमन का तुमाले?"

"मी काय लहान पोरगा आहो?" नानाजींनी पान उलटलं.

तेवढ्यात आनंदाबाई आल्या. हात धुतलेले, ओलेच. मागे चारुता. आनंदाबाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, मास्तरासमोर गृहपाठ न केलेलं पोर उभं राहतं तशा उभ्या राहिल्या, आणि बोलल्या मात्र आदेशशी.

"आदेश, ते शेवटचं नाई खोडून टाक."

"कोनतं, मावशी?"

"गोळीचं. मी घेते. अर्धी."

सुमीतच्या हातातून वेणी सुटली. आदेश कागदाकडे बघत राहिला. नानाजी हळूच म्हणाले, "कोनाची?"

"तुमची."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"रोज?"

"रोज नाई. डोकं जड झालं का." त्यांचा चेहरा उतरला होता, तिकीट, व्हिसा, अठरा लाडू, सगळं आता चाललं, हे त्यांना दिसत होतं. "महिन्यात दहा-बारा डाव. आता तुमाले काय बोलाचं ते बोला."

नानाजी उठले. आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. सुमीत पुटपुटला, "पासपोर्ट आणायला गेले." पण नानाजी डायरी घेऊन आले. उभ्या उभ्या पानं उलटली, बोटानं मोजलं, ओठ हलवत.

"बारा डाव अर्ध्या. म्हनजे सहा." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "बरोबर सहा."

आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. घरात त्यांना इतकं हसताना कोणी पाहिलं नव्हतं; मयुरी घाबरून आईला चिकटली.

"मले वाटलं," डोळे पुसत नानाजी म्हणाले, "मी तानबादादासारखा होऊन राह्यलो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खुणा, रिकाम्या पट्ट्या, शेवटचे सहा दिवस. ऐकता ऐकता आनंदाबाईंचा उतरलेला चेहरा वर चढू लागला आणि रागाच्या दिशेनं गेला.

"म्हनजे तुमचं डोकं जाऊन राह्यलं असं तुमाले वाटे, अन् तुमी मले सांगतलं नाई?"

"तू गोळी चोरून खाल्ली ते सांगतलं का?"

"मी अर्धीच खाल्ली. तुमी तर बिचाऱ्या उंदराचं नाव लावलं."

"आजी," मयुरीनं विचारलं, "उंदराला पण बीपी आहे?"

"थांबा," चारुता म्हणाली. तिचा आवाज असा होता की आदेशनंही चावणं थांबवलं. "बाबा, म्हणजे आठ महिने, दर महिन्याला सहा दिवस, तुम्ही गोळी न घेता होता? आणि आई, तुम्ही न तपासता दुसऱ्याची गोळी घेत होता? आणि सगळं घर मला भित्री म्हणतं?"

सुमीतला पहिल्यांदाच कोणाची बाजू घ्यावी हे स्पष्ट कळलं आणि तो उठून बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"उद्या दोघंही डॉक्टरकडे," चारुता म्हणाली. "आदेशभाऊ, तो फॉर्म फाडा."

"अन् तिकीट?" आनंदाबाईंनी विचारलं. ते त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नानाजींनी डायरी मिटली. "डॉक्टर जाय म्हनला तर जाय. भूकंपाचं त्या कागदात आहे, वाचलं मी." आणि लाल पेन खिशाला लावत, "मले काय होते आता."

*

हिंगणघाटच्या डॉक्टरांनी आनंदाबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, एकदा बघितलं, पाच मिनिटं बसवून पुन्हा बघितलं. वरचा एकशे अडुसष्ट, खालचा शंभर. चारुतानं आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

"आठ दिवस रोज गोळी. पूर्ण. स्वतःची," डॉक्टर म्हणाले. "मीठ कमी. आठ दिवसांनी खाली आलेलं दिसलं तर प्रवासाची चिठ्ठी देतो. नाही आलं तर देणार नाही, मग माझ्याशी भांडू नका."

ते आठ दिवस आनंदाबाईंनी परीक्षेसारखे काढले. लोणचं बंद, पापड बंद. काजलनं प्रेमानं दिलेली तिखट मिठाची कैरी त्यांनी पदराआड धरून परत नेऊन दिली. सकाळी नानाजी आपली गोळी घेत, त्या आपली. नानाजी डायरीत दोन रांगा करून दोन खुणा करत आणि बायकोच्या खुणेखाली तिची सही घेत. आनंदाबाई म्हणत, कैद्यासारखं चाललं आहे. पण सही करत. वेदश्रीला काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. ती रोज विचारायची, आई बॅग भरली का, आणि आनंदाबाई म्हणायच्या, भरून राह्यली, आणि रिकाम्या बॅगेकडे बघायच्या. चिठ्ठी मिळेपर्यंत तीत काही ठेवायचं नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. उरलेले लाडूही केले नव्हते.

नवव्या दिवशी आकडा आला वरचा एकशे अडतीस, खालचा शहाऐंशी. चारुतानं डॉक्टरांना पट्टा दुसऱ्या दंडाला लावून बघायला सांगितलं. तोच आला. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

आदेशनं नवा फॉर्म भरला, या वेळी चौकोनात खरं ते लिहून, वर चिठ्ठी जोडून. कंपनीनं दोन दिवस घेतले. निघायच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, तो छापील पॉलिसी घेऊन आला. घरात पुन्हा डिंक तळला जात होता. चारुता लाडू वळत होती, सुमीत बॅगेचं वजन करत होता, आणि दर वेळी बॅग जड भरत होती.

"झालं मावशी. हप्ता थोडा वाढवला त्याईनं, पन दिला," आदेश म्हणाला.

नानाजींनी कागद घेतला आणि शेवटच्या पानावर गेले. "भूकंप आहे. दवाखाना आहे, परत आणायचं आहे. बीपीमुळे झालेला खर्च मात्र..." त्यांनी चष्मा वर केला. "जिवावर बेतलं तरच. एरवी आपला आपन."

"म्हनजे भूकंपानं पडली तर कंपनी," आनंदाबाई म्हणाल्या. "अन् बीपीनं पडली तर आपन."

"तसंच समज."

"मंग भूकंप आला, अन् त्याच्या भेवानं बीपी वाढलं, अन् मी पडली, तर?"

सुमीतनं वजनकाट्यावरून बॅग खाली ठेवली. पंधरा वर्षांत म्हैस, ट्रॅक्टर, आग, पूर, कोणत्याही गिऱ्हाइकानं आदेशला हे विचारलं नव्हतं.

"हे कंपनीला लेखी विचारा," चारुता म्हणाली, लाडू न थांबवता.

"विचारतो, वहिनी. पन उत्तर यायले पंधरा दिवस लागतीन."

"तोपर्यंत ती पोचन," नानाजी म्हणाले. त्यांनी पॉलिसीची घडी घातली, पासपोर्टच्या पाकिटात नीट बसवली, आणि मग बायकोकडे वळून, वर्गात नियम सांगायच्या आवाजात म्हणाले, "तसं झालं, तर आधी टेबलाखाली बसजो. वेदश्रीलेही बसवजो. मंग मले फोन करजो."

"टेबलाखालून?"

"टेबलाखालून."

"तिथं सकाळ राहीन तेव्हा इथं अंधार राह्यते म्हने. तुमी उचलसान का?"

"तू लाव तर," नानाजी म्हणाले. "मी जागाच राहीन."